एका जुन्या बनियनवर छातीच्या धमन्या कशा काढायच्या

अण्णांची बायपास झाली, तिसऱ्या दिवशी ते आयसीयूतनं वॉर्डात आले, आणि मला पहिला प्रश्न काय विचारला तर, "डॉक्टर म्हणत होते छातीतली नस सोडवून काळजाला लावली, मग छातीला आता रक्त कुठनं जायचं?" अण्णांनी सगळं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काढलंय, शाळा सातवीपर्यंत, पण प्रश्न इतका नेमका की मी गप्प झालो. मी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला, अॅनाटॉमी पास झालेला, सगळी नावं तोंडपाठ, सुपीरियर इंटरकोस्टल कुठनं निघते विचारा, लगेच सांगितलं असतं, पण ती एक नस काढल्यावर डाव्या छातीच्या चौथ्या स्पेसमध्ये, म्हणजे दोन फासळ्यांमधल्या फटीत, रक्त नक्की कुठल्या वाटेने पोचतं हे मला त्या मिनिटाला सांगता येईना. म्हणजे यादी पाठ होती, रस्ते माहीत नव्हते.

त्या रात्री घरी येऊन अण्णांचाच एक जुना बनियन घेतला, उशीवर चढवला आणि त्यावर स्केचपेनने सगळं काढत बसलो. तेव्हापासून पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना मी हे असंच शिकवतो, मेडिकल असो, फिजिओ असो, नर्सिंग असो. खाली सगळं लिहितोय तसं करत जा, नुसतं वाचू नका.

लागतं काय तर पांढरा जुना बनियन, एक उशी, पेन्सिल, लाल आणि निळं स्केचपेन, आणि स्वतःची छाती. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बनियनवर रेघ मारायच्या आधी दर वेळी स्वतःच्या अंगावर ती जागा बोटाने शोधायची आहे.

आधी फासळ्या मोजायला शिका. पहिली फासळी कॉलरबोनखाली दडलेली असते, ती हाताला लागत नाही, म्हणून तिथनं मोजायला गेलं की हमखास चुकतं. गळ्याखालच्या खड्ड्यात बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरनं, म्हणजे स्टर्नमवरनं, हळूहळू खाली सरकवा, साधारण ५ सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. हा स्टर्नल अँगल. इथनं बोट सरळ बाजूला नेलं की जी फासळी लागते ती दुसरी, आणि तिच्या खालची फट म्हणजे दुसरी स्पेस. स्पेसला नंबर नेहमी वरच्या फासळीचा मिळतो. आता तिथनं खाली, जरा बाहेरच्या बाजूला तिरकं जात, तिसरी चौथी पाचवी मोजत चला. दोन्ही बाजूला दोनदा मोजा. मग बनियनवर पेन्सिलीने फासळ्या मारा, पुढून मागपर्यंत, मागे वर आणि पुढे खाली अशा तिरक्या, कारण फासळ्या आडव्या नसतातच. १२ फासळ्या, मध्ये ११ स्पेस.

आता बनियन उलटा करा, सुरुवात पाठीकडनं. लाल पेनने एक जाड उभी रेघ, हा उतरता एओर्टा, म्हणजे हृदयातनं निघणाऱ्या मुख्य धमनीचा खाली जाणारा भाग. पण ही रेघ मधोमध मारायची नाही, इथेच निम्म्या मुलांचं चित्र चुकतं. एओर्टा चौथ्या थोरॅसिक, म्हणजे छातीच्या भागातल्या, मणक्याच्या खालच्या कडेला, मणक्यांच्या डाव्या बाजूला सुरू होतो आणि खाली जात जात मध्याकडे सरकतो, बाराव्या मणक्यापाशी डायफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या, मागनं पोटात जातो तेव्हा तो मधोमध आलेला असतो. पातळी कशी ओळखायची तर हात खाली सोडून उभं राहिलं की खांद्याच्या पात्याचं खालचं टोक साधारण सातव्या मणक्याच्या रेषेत येतं, त्यावरनं वर-खाली अंदाज बांधा.

या जाड रेघेतनं दोन्ही बाजूंना फांद्या काढा, तिसऱ्या स्पेसपासून अकराव्या स्पेसपर्यंत, म्हणजे ९ जोड्या. या पोस्टेरियर इंटरकोस्टल, म्हणजे फासळ्यांमधल्या मागच्या धमन्या. काढताना दोन गोष्टी तुमच्या हातालाच कळतील. एक, उजवीकडच्या लांब निघतात, कारण एओर्टा डावीकडे आहे आणि उजवीकडे जायला त्यांना मणक्यांच्या अंगावरनं, अन्ननलिकेच्या मागनं, थोरॅसिक डक्ट नावाच्या नळीच्या आणि अझायगस व्हेनच्याही, म्हणजे एका शिरेच्याही, मागनं जावं लागतं. दोन, वरच्या स्पेसच्या फांद्यांना चढ चढून जावं लागतं, कारण एओर्टाच मुळात चौथ्या मणक्यापासून सुरू होतोय. या दोन्ही गोष्टी पुस्तकात वेगवेगळ्या ओळींत लिहिलेल्या असतात आणि मुलं वेगवेगळ्या पाठ करतात, पण रेघ बरोबर जागी मारली की पाठ करायला काही उरतच नाही.

बाराव्या फासळीच्या खाली पण एक जोडी जाते, तिला सबकोस्टल म्हणायचं, इंटरकोस्टल नाही, कारण तिच्या खाली फासळीच नाही. ती पण एओर्टातनंच.

मग पहिल्या दोन स्पेसचं काय? एओर्टा तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणून त्यांना रक्त वरनं येतं, मानेकडनं. सबक्लेव्हियनमधनं, म्हणजे कॉलरबोनमागनं हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतनं, कॉस्टोसर्व्हायकल ट्रंक निघतो, त्याची एक फांदी पहिल्या फासळीच्या मानेपुढनं खाली उतरते, ती सुपीरियर इंटरकोस्टल, आणि तीच पहिल्या आणि दुसऱ्या स्पेसला पोस्टेरियर इंटरकोस्टल देते. ही रेघ निळ्या पेनने काढा. निळा का ते पुढे सांगतो, पण हा रंग बदल नीट लक्षात ठेवा, याच्यावर एक आख्खा आजार ओळखता येतो. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इथे आणखी एक विचारतात, पहिल्या फासळीच्या मानेपुढे आतनं बाहेर काय काय असतं. आधी सिम्पथेटिक चेन नावाची नर्व्हची साखळी, मग व्हेन, मग ही आर्टरी म्हणजे धमनी, मग पहिली थोरॅसिक नर्व्ह म्हणजे मज्जातंतू. चेन आणि मागोमाग व्हॅन, व्ही-ए-एन, असं लक्षात ठेवा, ही व्हॅन पुढे परत भेटणार आहे.

आता बनियन सरळ करा. स्टर्नमच्या कडेपासून एक बोट सोडून, साधारण एक-सव्वा सेंटीमीटरवर, दोन्ही बाजूंना एकेक उभी निळी रेघ. ही इंटर्नल थोरॅसिक, हिचंच जुनं नाव इंटर्नल मॅमरी, आणि डावीकडची ती सर्जन लोकांची लिमा, लेफ्ट इंटर्नल मॅमरी आर्टरी. अण्णांची हीच. ही पण सबक्लेव्हियनमधनंच निघते, तिच्या पहिल्या भागाच्या खालच्या अंगातनं, कॉलरबोनच्या आतल्या टोकाच्या थोडं वर, म्हणून हिला पण निळा रंग. वरच्या सहा कॉस्टल कार्टिलेजच्या, म्हणजे फासळ्यांच्या पुढच्या कुर्च्यांच्या, मागनं सरळ खाली येते आणि सहाव्या स्पेसमध्ये तिचे दोन भाग होतात. बाहेरच्या बाजूला फासळ्यांच्या कडेकडेने जाते ती मस्क्युलोफ्रेनिक, आणि सरळ खाली पोटाच्या रेक्टस स्नायूच्या म्यानात शिरते ती सुपीरियर एपिगॅस्ट्रिक. ही दुसरी रेघ बनियनच्या खालच्या कडेपर्यंत न्या, नाभीच्या आसपास तिला खालनं इन्फीरियर एपिगॅस्ट्रिक येऊन भेटते, जी मांडीकडे जाणाऱ्या एक्सटर्नल इलियॅकमधनं निघालेली असते. म्हणजे खांद्याजवळची सबक्लेव्हियन आणि जांघेजवळची इलियॅक या दोघी पोटाच्या पुढच्या भिंतीतनं एकमेकींना जोडलेल्या आहेत. मला हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा लई भारी वाटलं होतं, अजून वाटतं.

आता पुढच्या फांद्या. वरच्या सहा स्पेसना इंटर्नल थोरॅसिक स्वतः देते, सातव्या ते नवव्याला मस्क्युलोफ्रेनिक देते, प्रत्येक स्पेसमध्ये दोन-दोन, एक वरच्या फासळीच्या कडेने आणि एक खालच्या. या अँटेरियर, म्हणजे पुढच्या, इंटरकोस्टल. दहाव्या आणि अकराव्या स्पेसला पुढनं काहीच नाही, तिथल्या अकराव्या आणि बाराव्या फासळ्या पुढे मोकळ्याच संपतात. बनियनवर तिथे मोकळी जागा सोडा, तिथे उगाच रेघ मारणारे दरवर्षी भेटतात.

बाकी इंटर्नल थोरॅसिक पुढे चामडीकडे पण छिद्र पाडून फांद्या पाठवते, त्यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या स्पेसमधल्या बायकांमध्ये मोठ्या असतात कारण त्या स्तनाला रक्त देतात. पेरिकार्डियोफ्रेनिक नावाची एक बारीक फांदी डायफ्राम हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हला सोबत करत डायफ्रामपर्यंत जाते. हे आहे म्हणून सांगितलं, चित्रात नाही काढलं तरी चालेल.

आता खरं काम. प्रत्येक स्पेसमध्ये मागची लाल रेघ पुढे आणा आणि पुढची निळी रेघ मागे न्या, दोघी बगलेच्या रेषेच्या पुढे कुठेतरी जुळवा. मागची मुख्य आर्टरी पुढच्या वरच्या फांदीला मिळते, आणि मागनं फासळीच्या कोनाजवळ जी कोलॅटरल, म्हणजे जोडीची, फांदी सुटून खालच्या फासळीच्या वरच्या कडेने येते ती पुढच्या खालच्या फांदीला मिळते. एवढं झालं की बनियन हातात धरून लांबनं बघा. अण्णांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "हे तर पुढं दोन उभे, मागं एक उभा, बाकी सगळे आडवे." बस, छातीच्या भिंतीचा रक्तपुरवठा म्हणजे एवढंच आहे.

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर. सोलापूरला पाणी उजनीच्या पाइपलाइननं येतं, टाकळीहून भीमेचं येतं आणि हिप्परग्याच्या तलावाचं पण येतं, सगळं गावातल्या जाळ्यात येतं. समजा एका बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मधले पाइप जोडलेले असतील, तर दुसऱ्या बाजूचं पाणी त्याच पाइपातनं उलट्या दिशेने येऊन पोचतं. पाइपाला दिशा नसते, दिशा दाबामुळे ठरते. छातीत तेच होतं. सर्जन लिमा छातीच्या भिंतीपासून सोडवतात, तिच्या बाजूच्या फांद्या बंद करतात, वरचं टोक सबक्लेव्हियनला तसंच ठेवतात आणि खालचं टोक कापून हृदयाच्या पुढच्या आर्टरीला, एलएडीला जोडतात. मग डाव्या वरच्या स्पेसना पुढनं येणारं रक्त बंद होतं, पण मागनं एओर्टातनं येणारी लाल रेघ आहेच, ती आता स्टर्नमच्या कडेपर्यंत जाते. स्टर्नमला शिवाय उजव्या बाजूची इंटर्नल थोरॅसिक पण मदत करते. आणि डावी सुपीरियर एपिगॅस्ट्रिक, तिला खालनं इन्फीरियर एपिगॅस्ट्रिकचं रक्त उलटं वर चढून मिळतं. म्हणून छाती उपाशी राहत नाही.

पण दोन्ही बाजूच्या काढल्या तर? मग स्टर्नमचा पुढनं येणारा पुरवठा खरंच कमी होतो, आणि पेशंटला डायबिटीस असेल तर जखम न भरण्याचा, इन्फेक्शनचा धोका वाढतो, त्यामुळे अशा पेशंटमध्ये दोन्ही वापरायच्या का हा निर्णय सर्जन फार विचार करून घेतात. तुम्ही बनियनवर दोन्ही निळ्या उभ्या रेघा बोटाने झाकून बघा, का ते लगेच दिसतं. ही आर्टरी हृदयाला जोडायची सुरुवात तशी जुनी आहे, लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह नावाच्या सर्जनने १९६४ साली ती थेट हृदयाच्या आर्टरीला शिवली होती. आज पहिली पसंती हिलाच, कारण हिच्यात चरबी फारशी साठत नाही आणि पायाच्या व्हेनपेक्षा ही कितीतरी जास्त वर्षं उघडी राहते.

घरच्यांसाठी एक सांगतो, कारण माझ्या आईने याच्यावर चार रात्री झोप घालवली. ऑपरेशननंतर डाव्या छातीला बधिर वाटतं, मुंग्या येतात, ते बऱ्याच जणांना होतं, नस सोडवताना तिथल्या बारीक नर्व्हला धक्का बसतो म्हणून. तरी डॉक्टरांना सांगायचंच. आणि जखमेतनं पाणी येणं, हाड हलल्यासारखं वाटणं, ताप, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बनियनवर तपासून बघायची आणखी एक गोष्ट, बायपासच्या आधी दोन्ही हातांचं बीपी का घेतात. लिमा सबक्लेव्हियनमधनं निघते ना, मग डाव्या सबक्लेव्हियनच्या सुरुवातीलाच ब्लॉक असेल तर डाव्या हाताचं बीपी कमी लागतं आणि लिमालाही रक्त कमी मिळतं, अशी नस हृदयाला लावून उपयोग काय? उलट हात जोरात वापरला की हृदयाचंच रक्त हाताकडे ओढलं जाऊ शकतं. ही पन्नास पैशाची अक्कल नाही, जीव वाचवणारी अक्कल आहे, आणि त्याला फक्त बीपीचा पट्टा लागतो.

आता निळा-लाल रंगाचं राहिलेलं. एओर्टा डाव्या सबक्लेव्हियनच्या जरा पुढे जन्मतः अरुंद असेल, त्याला कोआर्क्टेशन म्हणतात, तर अरुंद जागेच्या वर दाब जास्त, खाली कमी. बनियनवर बघा, निळं सगळं अरुंद जागेच्या वरनं निघतंय, लाल सगळं खालनं. मग रक्त निळ्यातनं पुढच्या उभ्या रेघेत, तिथनं आडव्या रेघांमधनं मागे, आणि उलटं एओर्टात जाऊन खालच्या शरीराला पोचतं. वर्षानुवर्षं हा भार वाहून मागच्या आर्टरी जाड आणि नागमोडी होतात आणि फासळीच्या खालच्या कडेला खाचा पाडतात, एक्स-रेत त्या दिसतात. कुठल्या फासळ्यांना? साधारण तिसऱ्या ते आठव्या. पहिल्या दोनला नाही, कारण तिथल्या मागच्या रेघा पण निळ्याच आहेत, निळ्यातनं निळ्यात उलटं कशाला वाहील. आणि अगदी खालच्यांना नाही, कारण तिथे पुढनं रेघच नाही. हातांचं बीपी जास्त, पायांचं कमी, जांघेतली नाडी क्षीण आणि उशिरा, अशा तरुण पेशंटचा एक्स-रे हातात आला की या खाचा शोधायच्या. लहान मुलांत खाचा सहसा नसतात, त्या पडायला वर्षं लागतात, म्हणून मुलांमध्ये नाडीवरच भरवसा.

यापुढचं फासळीच्या जवळ जाऊन काढायचं आहे, बनियनवर नाही, वहीत मोठं करून. एक फासळी आडवी कापलेली, तिच्या खालच्या आतल्या कडेला खाच. त्या खाचेत वरनं खाली व्हेन, आर्टरी, नर्व्ह. हीच ती व्हॅन. आणि ही तिघं मधल्या आणि सगळ्यात आतल्या इंटरकोस्टल स्नायूंच्या मध्ये असतात. म्हणून छातीतलं पाणी काढताना सुई कधीही वरच्या फासळीच्या खालनं घालायची नाही, खालच्या फासळीच्या वरच्या कडेवरनं घालायची. इथे कोलॅटरल फांदी असते हे खरं, पण ती लहान, आणि खाचेतली मुख्य आर्टरी फुटली तर ती एओर्टाच्या दाबाने वाहते, छातीत लिटरभर रक्त साचायला वेळ लागत नाही.

याच्यात आणखी एक बारकावा आहे जो मला फार उशिरा कळला आणि प्रत्येक इंटर्नला मी मुद्दाम सांगतो. पाठीच्या कण्याजवळ आर्टरी खाचेत नसतेच. कण्यापासनं निघाल्यावर फासळीच्या कोनापर्यंत ती स्पेसच्या मधोमध उघडी चालते, कोनापाशी पोचली की मग खाचेत शिरते. म्हाताऱ्या माणसात ती वाकडीतिकडी झालेली असते, त्यामुळे आणखी लांबपर्यंत उघडी राहते. म्हणजे पाठीमागनं टॅप करताना, म्हणजे सुईने पाणी काढताना, कण्याच्या फार जवळ सुई घातली, तर 'फासळीच्या वरच्या कडेवरनं' हा नियम पाळूनही आर्टरी लागू शकते. म्हणून बाहेरच्या बाजूला या, सोनोग्राफी असेल तर लावून बघा, आणि हे सगळं सिनियर शेजारी उभा असताना. टीबीमुळे छातीत पाणी झालेले पेशंट आपल्याकडे अजून येतात, कितीतरी जण यंत्रमागावरचे, विडी कारखान्यातल्या बायका, रोजंदारी बुडवून आलेले. त्यांच्या पाठीत सुई जाणार आहे, ती दोन बोटं इकडेतिकडे चालणार नाही.

कण्याजवळचं अजून एक. मागच्या आर्टरीची एक फांदी पाठीकडे वळते आणि तिच्यातनं स्पायनल कॉर्डला, म्हणजे मज्जारज्जूला, पण रक्त जातं. खालच्या भागात, बहुतेक वेळा डावीकडे, नवव्या ते बाराव्या मणक्याच्या आसपास एक मोठी फांदी असते, अॅडमकिविक्झची आर्टरी, तिला एओर्टाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये इजा झाली तर पाय लुळे पडू शकतात.

आता बनियनची बाही, म्हणजे जिथे बाही नाही ती काखेची जागा. इथे अॅक्झिलरी आर्टरी. पेक्टोरॅलिस मायनर स्नायू तिच्यावरनं आडवा जातो आणि तिचे तीन भाग करतो, पहिल्या भागाला एक फांदी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. छातीच्या कामाच्या त्यातल्या पहिल्या भागाची सुपीरियर थोरॅसिक, दुसऱ्याच्या थोराकोअॅक्रोमियल आणि लॅटरल थोरॅसिक, आणि तिसऱ्याची सबस्कॅप्युलर, जी पुढे थोराकोडॉर्सल होऊन पाठीच्या लॅटिसिमस स्नायूत जाते. या छातीच्या बाहेरच्या स्नायूंना आणि स्तनाच्या बाहेरच्या बाजूला रक्त देतात. याच्यावर मी फार वेळ घालवायला सांगत नाही, १-२-३ लक्षात राहिलं की नावं बसतात.

झालं की बनियन बादलीत टाका. स्केचपेनचे डाग जातात, थोडे राहिले तरी चालतं. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता परत काढा, आणि प्रत्येक रेघ मारताना तोंडाने म्हणा, ही कुठनं आली, ही बंद झाली तर इथे रक्त कोण देणार. जिथे अडखळाल तेवढंच पुस्तकात बघा. बहुतेक जण तिसऱ्या वेळेला पण दोन ठिकाणी अडकतात, वरच्या दोन स्पेसचा रंग आणि खालच्या दोन स्पेसची मोकळी जागा, तेवढ्या दोन जागा आधी काढून मग बाकीचं सुरू करा.